दिवे काढायचं काम

४ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. वसुलीवाल्यांचे फोन थांबत नाहीत म्हणून तू फोन बंद करून, स्वेटरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला आहेस हे कळलं. त्यांच्याबरोबर माझेही फोन थांबले, त्याबद्दल तक्रार नाही. लिहिताना मला नीट विचार करता येतो.

मला जे समजलं ते आधी मांडते. चुकत असेल तर सांग. शाळाशाळांतून फिरवायचा तो फुगवायचा घुमट आणि त्यात तारे दाखवणारा प्रोजेक्टर तू चार वर्षांपूर्वी घेतलास. थोडे पैसे माझे होते, बाकीचे क्रेडिट कार्डाचे. मग एका कार्डाचं बिल भरायला दुसरं कार्ड, दुसऱ्याचं भरायला तिसरं, असं करत पाच कार्डं झाली. घुमटातून जे मिळतं ते आता व्याजालाही पुरत नाही. म्हणून तू कर्जसल्लागार बाईंकडे गेलीस आणि त्या तुझ्यासाठी रीतसर करार मांडणार आहेत. पाच वर्षं दरमहा ठरलेला हप्ता द्यायचा. बाई तो सगळ्या धनकोंना, म्हणजे ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांना, ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटणार. शंभरातले साधारण चाळीस परत जातील आणि साठ माफ होतील.

पण ते माफ करायचे की नाही हे धनकोंनी ठरवायचं. तीन चतुर्थांश कर्ज ज्यांचं आहे त्यांनी हो म्हटलं तर करार, नाही तर लिलाव. लिलावात पहिला प्रोजेक्टर जाईल.

यात एकच गोष्ट तुझ्या हातात आहे. करार करायचं ठरलं त्या दिवसापासून कुठलंही कार्ड वापरायचं नाही. किराणा नाही, औषध नाही, काही नाही. परत देणार नाही हे माहीत असताना उसनं घेतलं तर त्याला उधारी म्हणत नाहीत. दुसरा शब्द आहे, तो मी लिहीत नाही.

माझ्या पैशांचं मनात आणू नकोस. जूनमध्ये मला नव्या खोलीची अनामत भरायची आहे, पण ते माझं मी बघेन.

मी बरी आहे. कामही ठीक.

मी


१७ फेब्रुवारी

चि. फुटपट्टीस आत्याचे अनेक आशीर्वाद. बिनव्याजी आहेत, निर्धास्त घे.

माझी चार वर्षं तू एका परिच्छेदात बसवलीस आणि वर म्हणतेस, चुकत असेल तर सांग. काय सांगू? लहानपणी केकचे तुकडे पट्टीनं मोजून घ्यायचीस, तेव्हाच तुझं नाव ठेवलं. फार विचार करून ठेवलं होतं असं आता वाटतं.

सल्लागार बाईंकडे परवा पुन्हा गेले होते. चष्म्याच्या दुकानावर त्यांची खोली आहे. दोन खुर्च्या, एक टेबल आणि कुंडीत एक वाळलेलं झाड, ज्याला त्या अजून पाणी घालतात. ते झाड बघून मला धीर आला. त्यांनी विचारलं, धंद्याचं साधन काय? मी म्हटलं, आकाश. त्यांनी लिहिलं, 'प्रोजेक्टर, एक'. मग पाच कार्डांचं व्याज असंच चालू राहिलं तर पाच वर्षांनी आकडा कुठे जाईल ते काढून दाखवलं. अगं, मी दर खेळाला पोरांना सांगते की उजेड एका सेकंदात पृथ्वीभोवती साडेसात वेळा फिरतो, आणि ती आ वासतात. त्या टेबलाशी मी तसाच आ वासला. एवढं मोठं काहीतरी माझ्या नावावर आहे! भीती नंतर वाटली, आधी नुसतं बघत राहिले.

तू घुमटात कधी आली नाहीस. पैसे दिलेस, पण आली नाहीस. तिथे मी काय करते ते तरी ऐक. खाली सभोवार गावाची आकृती पडते. घरं, दुकानं, रस्त्याचे खांब, सगळ्यांत दिवे. ती चित्रं मीच काढून यंत्रात घातलीत. वर मोजून सात तारे दिसतात. पोरं म्हणतात, एवढेच? मग मी एक बटण दाबते, दुकानांच्या पाट्या जातात. दुसरं दाबते, खांब जातात. मग एकेका घराच्या खिडक्या. तारे मी लावतच नाही गं. ते असतातच. मी फक्त दिवे काढते. सगळे नातेवाईक म्हणतात, आत्यानं काय दिवे लावले! त्यांना सांग, लावले नाहीत, काढले.

तू म्हणे काळ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली विमानाच्या इंजिनाची पाती तपासतेस, आणि भेग असली की ती हिरवी चमकते. म्हणजे आपण दोघीही अंधारात बसून पोट भरणाऱ्या.

तुझ्या सांगण्याप्रमाणे कार्डं कापली. मोठी कात्री घेतली आणि चारही कार्डांचे तुकडे केले. लाल कार्ड सगळ्यात चिवट निघालं, त्यांच्या वसुलीवाल्यासारखंच.

आणि हो, तुझे पैसे आज तुझ्या खात्यात टाकलेत. सगळे. एक जुनी वस्तू पडून होती, तिचं मोल आलं. अनामतीचं तू उगीच लिहीत नाहीस, एवढं मी ओळखते. तुझे आजोबा म्हणायचे, घरातल्या लेकीचं देणं असेल तर आधी ते देऊन यावं, मग जेवायला बसावं. मी आज पोटभर जेवले.

तुझी आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

पैसे आले. रक्कम बरोबर आहे.

अनामतीचं मी उगीचच लिहिलं होतं. म्हणजे, त्याचा अर्थ तेवढाच होता.

तू चार कार्डं कापलीस. होती पाच.

तुझ्या घरात एवढ्या मोलाची जुनी वस्तू मी पाहिलेली नाही. पाचवं कार्ड कुठे आहे?

मी


१३ मार्च

चि. फुटपट्टीस आशीर्वाद.

पंधरा दिवस उत्तर लिहिलं नाही. लिहायला बसले की खिडक्या पुसाव्याशा वाटायच्या. घरातल्या खिडक्या आता इतक्या स्वच्छ झाल्या आहेत की कालच एक पक्षी येऊन आपटला. तो बरा आहे, उडून गेला.

निळं कार्ड. त्यावर अजून जागा शिल्लक होती. त्यातून काढले.

का, ते सांगते. बाईंच्या टेबलाशी बसले होते आणि त्या धनकोंची नावं मोठ्यानं वाचून खात्री करून घेत होत्या. लाल कार्डवाली बँक, दोन कार्डांची हिरवी बँक, अमुक वित्तसंस्था, निळं कार्ड. आणि त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, 'आणि भाची.' एक शब्द. बँकांच्या रांगेत, हातात शून्यं घेऊन उभ्या असलेल्या त्या मोठ्या मोठ्या नावांच्या शेवटी, तू. मग म्हणाल्या, सगळ्यांना सारखं, शंभरातले चाळीस. बँकांना चाळीस मिळाले तर त्यांच्या ताटात काय कमी पडणार आहे? पण तुला चाळीस? काळ्या खोलीत डोळे घालवून साठवलेल्या पैशातले? मी बाईंना म्हटलं, तिचं नाव काढा, तिचं देऊन झालंय. तेव्हा झालेलं नव्हतं. तिथून निघाले ती थेट पैसे काढायच्या यंत्रापाशी गेले.

आणि आता खरं सांगते, तिथे मला फार विचित्र वाटलं. चार आकडे दाबले आणि त्या भिंतीतल्या फटीतून नोटा आल्या, कोऱ्या, एकामागून एक. कोणी विचारलं नाही की कशाला हवेत. घरात नाटकाच्या तिकिटाचे पैसे मागितले तरी दहा प्रश्न असायचे. ती फट मला काहीच विचारत नव्हती. देवासारखी उभी होती. मी हात पुढे केला.

तू म्हणशील तो दुसरा शब्द. तो मलाही ठाऊक आहे. पण बँकेचा पैसा म्हणजे समुद्र, त्यातून एक तांब्या. बाईंना सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या कागद पाठवणार आहेत. राहू दे ना, पोरी. तुझी खोली होईल, मला बरं वाटेल, आणि कुणाला काही कळणार नाही.

आत्या


१६ मार्च

आत्या,

हे पत्र मी एकदा लिहून फाडलं. आता दुसऱ्यांदा लिहिते आहे, त्यामुळे आवाज खाली आलेला असेल.

आमच्याकडे पाती येतात, ती आधी एका चमकणाऱ्या रंगात बुडवतात. रंग भेगेत शिरतो. वरचा पुसला की आतला राहतो आणि अंधारात दिसतो. काम एवढंच आहे. पण कधी कधी कोणीतरी पातं आमच्याकडे पाठवण्याआधी घासून चकचकीत करतं. वाईट हेतूनं नाही. चांगलं दिसावं म्हणून. घासताना भेगेच्या तोंडावर धातू सारवला जातो आणि रंग आत जात नाही. आम्हाला ते पातं निर्दोष दिसतं. भेग नंतर विमानाला दिसते.

तू तेच केलं आहेस.

मला रांगेतून बाजूला काढलंस ती माया होती, हे मला कळतं. पण त्या मायेचे पैसे निळ्या कार्डवाल्यांनी भरले. त्यांना न सांगता. आणि ते समुद्र नाहीत. तिथेही कोणीतरी माणूस बसून हे कागद तपासत असणार, माझ्यासारखाच. तो रंग लावणार, पुसणार, बघणार. त्याला दिसलं तर तो नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल. नाही म्हटलं तर प्रोजेक्टर जाईल. प्रोजेक्टर गेला तर तू घरात बसून खिडक्या पुसशील. ते मला बघायचं नाही.

तुझे पैसे मी परत पाठवले आहेत. पुढचं ऐक. ते आजच्या आज निळ्या कार्डात भर. मग बाईंकडे जा आणि त्यांनी विचारायच्या आत सगळं सांग. मग कार्ड काप. मग माझं नाव धनकोंत पुन्हा घाल. शेवटी, जिथे होतं तिथेच.

मी पैसे दिले तेव्हा परत येतीलच असं धरलं नव्हतं. तू ते कशाला मागते आहेस तेही नीट विचारलं नव्हतं. मला तुझ्या कुठल्याच खास दारातून आत यायचं नाही. बँकांच्या मागे उभं राहायला मला काही वाटत नाही.

धनकोंची सभा होईल तेव्हा मला बोलावणं येईलच. मी येणार आहे.

मी


२५ मार्च

चि. फुटपट्टीस,

केलं. तू सांगितलंस त्या क्रमानं.

पैसे भरताना खिडकीतली मुलगी म्हणाली, काकू, नुसतं किमान भरलं तरी चालतं. मी म्हटलं, त्या किमाननंच इथवर आणलंय गं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. उठून त्या झाडाला पाणी घातलं. मला वाटलं, आता उठवतील. मग म्हणाल्या, लोक मला हे सांगत नाहीत, मला ते सापडतं. आणि पुन्हा पेन उचललं. पण हे अहवालात लिहावंच लागणार, म्हणाल्या, काढलं तेही आणि भरलं तेही. निळ्यावाल्यांचं देणं एकूण देण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आहे. त्यांनी एकट्यांनी नाही म्हटलं तरी करार पडतो. आणि तुझं मत मोजत नाहीत, कारण तू नात्यातली. म्हणजे तू येशील, बसशील, पण तुझा हात वर झाला काय आणि खाली राहिला काय.

मी विचारलं, काय वाटतं तुम्हाला? म्हणाल्या, सांगता येत नाही. खोटं आश्वासन देत नाहीत, झाडाला सोडून.

निळं कार्ड कापलं. त्याचा आवाज बाकीच्यांसारखाच आला.

सभेच्या दिवशी सकाळी शाळेत खेळ आहे. आधीच ठरलेला, रद्द केला नाही. कदाचित शेवटचा असेल. लवकर ये. एकदा तरी आत ये.

आत्या


१४ एप्रिल

आत्या,

सभेच्या खोलीबाहेर येऊन मी तुला 'झालं' एवढंच म्हटलं आणि बस पकडली. तू बाकावर बसून माझ्याकडे बघत होतीस, आणि मला पुढचं बोलता आलं नसतं. बोलले असते तर नीट बोलले नसते. आता चार दिवस झाले. लिहिते.

तुला त्यांनी बाहेर बसवलं होतं, म्हणून आत काय झालं ते तुला सांगणं लागतं. पण आधी सकाळचं.

अंधाराची मला सवय आहे. अंधार हे माझं हत्यार आहे. तुझ्या त्या कापडी बोगद्यातून रांगत आत आले, मुलांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले, आणि खरं सांगायचं तर मी घुमटाच्या शिवणी तपासत होते. पंखा नीट चालतो आहे का, हवा कुठून जाते आहे. सात तारे मोजले. बरोबर सात होते. शेजारची मुलगी म्हणाली, एवढेच?

मग तू पाट्या विझवल्यास. मग खांब. मी बटणांचा अंदाज घेत होते. तिसऱ्या की चौथ्या बटणापर्यंत मला आकडा धरता येत होता, अमुक इतके नवे आले, अमुक इतके. त्यानंतर सुटला. घरांच्या खिडक्या एकेक करून जाऊ लागल्या आणि वर जे यायला लागलं त्याला आकडा नव्हता. मुलं गप्प झाली. तू एक शब्द बोलली नाहीस. मला पडल्यासारखं झालं, पण वरच्या बाजूला. मी जमिनीला हात टेकला. शेजारच्या मुलीनं माझी बाही धरली आहे असं मला वाटत होतं. मग लक्षात आलं की मी तिची धरली आहे.

माझे पैसे कुठे गेले ते मला त्या दिवशी कळलं. चार वर्षं मी ते 'आत्याला दिलेले' या नावाखाली ठेवले होते.

आता दुपार. खोलीत बाई, मी, हिरव्या बँकेचा एक गृहस्थ आणि वित्तसंस्थेच्या एक बाई. लाल बँकेनं लेखी संमती आधीच पाठवली होती. टेबलाच्या मध्ये फोन ठेवला होता, त्यातून निळ्या कार्डवाल्यांचा माणूस बोलणार होता. चष्म्याच्या दुकानातून खालून कोणीतरी अक्षरं वाचत असल्याचा आवाज येत होता. मोठी, मग लहान, मग आणखी लहान.

हिरव्या बँकेच्या गृहस्थांनी विचारलं, प्रोजेक्टर विकला तर किती येतील? बाईंनी आकडा सांगितला. त्यांनी तो ऐकून वही मिटली आणि हो म्हटलं. वित्तसंस्थेच्या बाईंनी फक्त होकारार्थी मान हलवली. मग फोनमधला माणूस बोलला. त्याचा आवाज कोरडा होता, थोडा सर्दी झाल्यासारखा. त्यानं सगळा अहवाल वाचला होता. नुसता आकडा नाही, सगळा. कार्डावरून पैसे कधी काढले, कधी परत आले, त्याला पाठ होतं. त्यानं विचारलं, नातेवाईक हजर आहेत का? मी म्हटलं, आहे.

"तुमचे पूर्ण पैसे तुमच्या खात्यात आले होते," तो म्हणाला.

"हो."

"ते परत केलेत. आता शंभरातले चाळीस मिळतील, तेही पाच वर्षांत तुकड्यातुकड्यानं. हे माहीत होतं?"

"होतं."

"मग का केले?"

मी उत्तर तयार करून नेलं नव्हतं. म्हटलं, "माझी जागा तुमच्या मागे होती. मला पुढे उभं केलं होतं, म्हणून परत मागे आले."

तो म्हणाला की या खुर्चीत त्याचं अर्धं आयुष्य गेलं. रांगेत घुसणारे रोज बघतो, रांगेतून पळणारे रोज बघतो. "मागे येऊन उभं राहिलेलं मी पहिल्यांदा ऐकतोय." आवाजात कौतुक नव्हतं. हिशेब जुळत नसला की मी जशी बोलते तसा बोलत होता. मग 'जरा थांबा' म्हणाला आणि फोनमधून धून वाजायला लागली.

तू ती धून ओळखशील. एक उड्या मारणारं संगीत, आणि मध्ये मध्ये एक बाई सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हीच ती का, जिच्यामुळे तू फोन स्वेटरमध्ये गुंडाळलास? आम्ही चौघं टेबलाभोवती हात बांधून ती ऐकत बसलो. हिरव्या बँकेचे गृहस्थ पायानं ठेका धरू लागले होते, मग त्यांना ते लक्षात आलं आणि त्यांनी पाय मागे घेतला. कोणी हसलं नाही. तू भिंतीपलीकडे बसली होतीस. मी माझ्या हातांकडे बघत होते. माझं मत मोजायचं नव्हतं. मला काहीही करता येण्यासारखं नव्हतं. माझं असं क्वचित होतं.

धून बंद झाली. तो म्हणाला, "संमत. यंत्र त्यांच्याकडे राहू द्या. यंत्राशिवाय हप्ता कुठून देणार?" आणि निरोपाचं काही न बोलता फोन ठेवला.

बाईंनी लिहून घेतलं. गृहस्थांनी छत्री शोधली. संपलं.

आत्या, मी गणित केलं तेव्हा शंभरातले साठ हा एक आकडा होता. त्या खोलीत मी तो सुटताना पाहिला. चार वर्षं ज्या आकड्यानं तुला झोपू दिलं नाही, तो चार माणसांनी सोडून दिला. त्यांतल्या कोणी तुला कधी पाहिलेलं नाही. काहीही वाजलं नाही. खाली दुकानात कोणीतरी शेवटच्या ओळीतली अक्षरं वाचत होतं. मला सकाळचाच घुमट दिसत होता. एकेक खिडकी जाताना आवाज होत नाही, नुसतं वर काहीतरी वाढत जातं. तेव्हा बोलता येत नाही हे मला आता माहीत आहे. म्हणून 'झालं'.

एक विचारायचं राहिलं. सगळे दिवे काढल्यावर खाली एक खिडकी उरली होती. जांभळी. एक मुलगी ओरडली, बाई, एक राहिला! तू म्हणालीस, राहू दे, तिथे काम चालू आहे. ती खिडकी माझी आहे का?

मी


२२ एप्रिल

चि. फुटपट्टीस आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी दिवसभर घरात फिरले. स्वयंपाकघरात वाचलं, जिन्यात वाचलं. तू पत्रात आकड्याला 'सुटला' म्हणालीस. तुझ्या आईला दाखवू का? ती विश्वास ठेवणार नाही.

मी बाकावर काय करत होते ते विचारलं नाहीस. ती धून मलाही ऐकू येत होती. चार वर्षांत पहिल्यांदा मी ती संपू नये म्हणून बसले होते. संपली की काहीतरी होणार होतं.

फोन कपाटातून काढला. दोन दिवस झाले, वाजलेला नाही. अधूनमधून उचलून बघते, जिवंत आहे ना.

खिडकी तुझीच. चार वर्षांपूर्वी तू पैसे पाठवलेस त्या आठवड्यात गावाचं चित्र करत होते. तुझी खोली कशी असेल ते माहीत नव्हतं, म्हणून एक लहान चौकोन काढला आणि जांभळा केला. बाकी सगळे दिवे मी रोज काढते. तो एक काढवत नाही. त्याचं वेगळं बटण आहे. चार वर्षांत एकदाही दाबलेलं नाही.

आत्या


९ जून

आत्या,

तुझ्या पहिल्या हप्त्यातला माझा वाटा आज खात्यात आला. बाईंनी कळवलं की बँकांनाही आजच गेला, सगळ्यांना एकाच वेळी. माझ्या वाट्यात दोन पेनं आणि एक खोडरबर येईल. मी ते घेतलं. तपासणीच्या टेबलावर ठेवलं आहे.

खोलीचं जमलं नाही. जुन्याच खोलीत आहे, पुढच्या वर्षी बघेन. हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही, आणि यावेळी त्याचा अर्थ तेवढाच घे.

पुढच्या महिन्यात दोन दिवस सुट्टी काढते आहे. शाळेत खेळ असेल त्या दिवशी येईन.

खिडकीबद्दल. मी त्या दिवशी नीट पाहिलं होतं. तिच्या बरोबर वर, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, आकाश धुरकट होतं. दिवा लहान असला तरी तेवढं झाकतो. तिथेही तारे असणार. ते मला दिसले नाहीत.

मी आत असेन तेव्हा ते बटण दाब. माझी खिडकीही काढ.

फुटपट्टी